जुन्या तापमानाच्या नोंदींवरून "कार्बन दुप्पट झाला तर किती डिग्री" हे काढता येते का?

भाऊ, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. तुम्ही १८५० पासूनचं जगाचं सरासरी तापमान घेतलं, त्याच वर्षांचे कार्बन डायऑक्साइडचे आकडे घेतले, त्यांचा लॉग काढून एक्सेलमध्ये रेष मारली आणि उत्तर आलं की कार्बन दुप्पट झाला की तापमान साधारण सव्वादोन डिग्रीनं वाढते. मग तुमचं म्हणणं असं की एवढं सोपं असताना आयपीसीसीवाले (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलाची समिती) "२.५ ते ४" असं मोघम काहून सांगतात, एक आकडा सांगून मोकळे का नाही होत. आणि शेवटी पुरवणी, की हेच आपल्या नागपूरच्या नोंदींवरून करता येईल का. मी बरीच वर्षं तापमानाच्या नोंदी तपासायच्या, जुळवायच्या, त्यातून हेच आकडे काढायच्या कामात आहो, तर थोडं लांबणारच, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तुमचं गणित टाकाऊ नाही. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर नावाचा एक इंग्रज स्टीम इंजिनियर जवळपास याच वाटेनं गेला होता. हवामान हा त्याचा धंदाही नव्हता, पण त्यानं जगभरातल्या १४७ केंद्रांचे आकडे हातानं जमवले, दुसरीकडे कार्बनमुळे किती उष्णता अडते त्याचं गणित मांडलं, दोन्ही जुळतात का ते पाहिलं आणि दुप्पट कार्बनला २ डिग्री असं सांगितलं. त्याच्या आधी १८९६ मध्ये अरेनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं कागदावरच्या गणितातून ५-६ डिग्री काढलं होतं. त्या काळच्या हवामानवाल्यांनी कॅलेंडरला फारसं मनावर घेतलं नाही, ते वेगळं. सांगायचा मुद्दा हा की तुम्ही चांगल्या माणसाच्या पंगतीत बसले आहात.

आता तुमचा सव्वादोन म्हणजे नेमकं काय ते पाहू, कारण खरा घोळ तिथंच आहे. लोक "क्लायमेट सेन्सिटिव्हिटी" म्हणतात तेव्हा दोन वेगवेगळ्या गोष्टी म्हणतात. एक, कार्बन दरवर्षी १ टक्क्यानं वाढत गेला आणि ७० वर्षांत दुप्पट झाला तर त्या घडीला तापमान किती वाढलेलं असेल, याला टीसीआर म्हणतात. दुसरी, कार्बन दुप्पट करून तिथंच थांबवला आणि समुद्र वगैरे सगळं निवांत होईपर्यंत शेकडो वर्षं वाट पाहिली तर शेवटी किती, ते ईसीएस. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात पहिल्याचा अंदाज १.८ आहे आणि दुसऱ्याचा ३. तुमचा सव्वादोन यातला कोणताच नाही, तो दोघांच्या मधे लटकलेला आहे, आणि तो तिथं दोन चुका एकमेकीला कापतात म्हणून आला आहे.

एक चूक अशी की तुम्ही सगळी तापमानवाढ एकट्या कार्बन डायऑक्साइडच्या नावावर टाकली. १७५० ते २०१९ मध्ये कार्बन डायऑक्साइडनं दर चौरस मीटरला २.१६ वॅटचा जास्तीचा भार टाकला, बरोबर, पण मिथेनचा ०.५४, नायट्रस ऑक्साइडचा ०.२१, फ्रिज-एसीच्या गॅसचा नि त्यांच्या भावंडांचा ०.४१, ओझोनचा अर्ध्या वॅटच्या आसपास, हे सगळं वर. आणि उलट दिशेनं धूर-धुळीचे कण, म्हणजे एरोसोल, ते साधारण उणे १.१. सगळ्याची बेरीज २.७२ येते. म्हणजे तापवणारा हात तुम्ही धरला त्यापेक्षा मोठा आहे, त्यामुळे एका वॅटला होणारी वाढ तुमच्या गणितात फुगली. दुसरी चूक उलट्या बाजूची, समुद्र अजून तापायचाच आहे. आपल्या इथं मे महिन्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर जो राहतो त्याला हे समजावून सांगायची गरज नाही, ऊन दुपारी १ ला डोक्यावर असते पण स्लॅबखालची खोली खरी भट्टी होते ती रात्री ९-१० ला, आणि दुपारी १ वाजता खोलीचं तापमान मोजून कोणी म्हटलं की "बस, ऊन एवढंच तापवते" तर तो फसला. आपण आत्ता पृथ्वीच्या दुपारी १ ला उभे आहो. २००६ ते २०१८ या काळात पृथ्वीवर दर चौरस मीटरला साधारण ०.७९ वॅट उष्णता येऊन मुरत होती, बाहेर नव्हती जात, आणि त्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्रात.

हा ०.७९ आकडा कुठून आला हे लोक विचारत नाहीत, पण माझ्या मते या सगळ्या धंद्यात गेल्या २५ वर्षांत झालेली सगळ्यात मोठी कमाई तीच आहे. आर्गो नावाचे जवळपास ४००० तरंगते यंत्र जगभरच्या समुद्रात सोडलेले आहेत, ते २००० मीटर खोल जातात, वर येताना तापमान नि खारटपणा मोजतात, वर आले की उपग्रहाला आकडे पाठवतात आणि पुन्हा बुडी. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राच्या माहितीची संस्था यात आहे. आर्गोच्या आधी समुद्रात किती उष्णता गेली हे ठरवणं म्हणजे फारच तुटपुंज्या मापांवर बसवलेला अंदाज होता.

तर नीट सूत्र असं बनते: दुप्पट कार्बनचं फोर्सिंग (म्हणजे वर सांगितला तो दर चौरस मीटरचा जास्तीचा भार) गुणिले आजवरची तापमानवाढ, भागिले (एकूण फोर्सिंग वजा समुद्रात मुरणारी उष्णता). २००२ मध्ये ग्रेगरी नि त्याच्या सोबत्यांनी हे पहिल्यांदा या रूपात वापरलं, तेव्हापासून सगळे यालाच धरून आहेत. आता आयपीसीसीचेच आकडे घालू. दुप्पट कार्बनचं फोर्सिंग ३.९३. तापमानवाढ, १८५०-१९०० च्या सरासरीपासून २००६-२०१९ च्या सरासरीपर्यंत, १.०३ डिग्री. त्याच दोन काळांतला फोर्सिंगचा फरक २.२०. मुरणाऱ्या उष्णतेचा फरक ०.५९, कारण १९व्या शतकातही थोडी मुरत होतीच असं धरतात. वर ४.०५, खाली १.६१, उत्तर अडीच. झालं ना? सुटलं ना? नाही सुटलं. तो २.२० पाहा. त्याच्यामागे अनिश्चितता लिहिलेली आहे, १.५ ते २.९. खाली १.५ टाका, ०.५९ वजा करा, ०.९१ उरते, उत्तर साडेचारच्या जवळ. २.९ टाका, २.३१ उरते, उत्तर पावणेदोन. तापमान तेच, समुद्र तोच, फक्त एक आकडा हलवला आणि तुमची दुनिया "चालून जाईल" पासून "आता काय करता" पर्यंत गेली.

आणि ही हालचाल दोन्हीकडे सारखी नाही होत हेही लक्षात घ्या. भाजक लहान होत गेला की उत्तर झपकन वर पळते, मोठा होत गेला की हळूहळू खाली येते. म्हणून या पद्धतीत खालची हद्द बऱ्यापैकी पक्की सापडते आणि वरची हद्द हाताला लागत नाही. अडीचच्या खाली पावणेदोनपर्यंतच उतरला, वर मात्र साडेचारला गेला, पाहिलं ना.

आता बहुतेक लोकांची शंका थर्मामीटरवर असते, हा आकडा काहून हलतो त्यावर नाही. मे २०२४ च्या शेवटी नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ डिग्री दाखवलं होतं, आठवत असेल, व्हॉट्सॲपवर आग लागली होती, मग सेन्सर बिघडलेला होता असं समोर आलं. तेव्हापासून मला लोक म्हणतात, तुमचे आजचे यंत्र असे तर १८५० चे कसे असतील. शंका रास्त आहे, पण अशी चूक पकडायला सगळ्यात सोपी राहते. बाजूचं केंद्र ४५ दाखवून राहिलं आणि हे ५६, याला कोणताही साधा प्रोग्राम बाजूला काढतो. खरी डोकेदुखी असते ती हळूच शिरणारी चूक: केंद्र गावातून विमानतळावर हललं, वाचनाची वेळ बदलली, पेटी बदलली, बाजूला सिमेंट रोड झाला. तीही शेजारच्या केंद्रांशी ताडून सापडते, आणि शहरं कितीही तापली तरी पृथ्वीचा ७१ टक्के भाग समुद्र आहे, तिथं ना सिमेंट रोड ना एसी.

समुद्राच्या नोंदींची मात्र गंमतच आहे, त्यावर थोडं थांबतो. जुन्या काळी जहाजावरचा खलाशी दोरीला बादली बांधून समुद्रात सोडायचा, पाणी वर ओढायचा आणि त्यात थर्मामीटर बुडवायचा. आधी लाकडी बादल्या होत्या, मग कॅनव्हासच्या आल्या. कॅनव्हास झिरपते, वरून वारा, म्हणजे बाष्पीभवन, आपल्या सुरईत होते तेच, पाणी मोजेपर्यंत थंड. म्हणजे जुने आकडे खऱ्यापेक्षा थंड लागले. पुढे इंजिन थंड करायला आत घेतात त्या पाण्याच्या पाइपमध्ये तापमान मोजायला लागले, इंजिनरूमची गरमी लागून ते थोडं जास्त येते. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर अमेरिकन जहाजांच्या नोंदी वाढल्या, ते इंजिनवाले. युद्ध संपलं, ब्रिटिश जहाजं पुन्हा आली, ते बादलीवाले. १९४५ ला आकड्यांत जी अचानक घसरण दिसते तिच्यात मोठा वाटा याचा, हे नीट दाखवून दिलं गेलं ते २००८ मध्ये. आणि हे सगळं दुरुस्त केल्यावर काय होते माहीत आहे? जुने समुद्राचे आकडे वर जातात, म्हणजे एकूण तापमानवाढ कमी होते. "शास्त्रज्ञ आकडे फिरवून तापमान वाढवतात" म्हणणाऱ्यांना मी नेहमी ही बादली दाखवतो.

उलट बाजूनं आर्क्टिक. तिथं केंद्रं कमी, म्हणून जुन्या तक्त्यांत ती घरं रिकामी सोडायचे, आणि रिकामं सोडलं म्हणजे नकळत "बाकी जगाएवढंच तापलं" असं धरल्यासारखं होते. आर्क्टिक तर १९७९ पासून जगाच्या जवळपास चौपट वेगानं तापून राहिलं. २०१४ नंतर ही भोकं नीट भरायला लागले, आताचा हॅडक्रट ५ (ब्रिटनचा जगाच्या तापमानाचा तक्ता) त्यामुळे आधीच्यापेक्षा जास्त वाढ दाखवतो. तुमच्याकडे जुना हॅडक्रट असेल तर तो बदला.

एवढं सगळं धरूनही, समजा थर्मामीटरमध्ये ०.१ डिग्रीची चूक राहिली, तर वरच्या गणितात उत्तर पाव डिग्रीनं हलते. बस पाव. आणि फोर्सिंगनं ते पावणेदोन ते साडेचार हलवलं होतं. म्हणून माझं म्हणणं, या कामात थर्मामीटर बिचारा सगळ्यात कमी गुन्हेगार आहे, आणि लोक नेमका त्यालाच धरून बसतात.

तर गुन्हेगार कोण? एरोसोल. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्यांतून कोळसा जळून जे निघते त्यात कार्बन डायऑक्साइड आहे आणि सल्फर डायऑक्साइडही. सल्फरचे हवेत बारीक सल्फेट कण बनतात, ते सूर्याची किरणं परत फेकतात, म्हणजे थंडावा. एकच चिमणी, एका हातानं तापवते, दुसऱ्यानं सावली धरते. फरक इतका की सल्फेट आठवड्या-दोन आठवड्यांत पावसाबरोबर खाली येते आणि कार्बनचा मोठा भाग शतकानुशतकं वरच राहते. आता हे कण सरळ किती किरणं फेकतात ते तरी मोजता येते. पण तेच कण ढगांत शिरतात. ढगाच्या थेंबाला बसायला कण लागतो, कण जास्त म्हणजे थेंब जास्त नि बारीक, तेवढ्याच पाण्यात ढग जास्त पांढरा, जास्त ऊन परत. ट्वोमी नावाच्या शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात हे मांडलं. उपग्रहाच्या फोटोत समुद्रावरच्या ढगांत जहाजांच्या मागे पांढऱ्या रेघा दिसतात त्या ह्याच. एरोसोलच्या उणे १.१ मधला मोठा वाटा ढगांचा आहे, आणि अनिश्चितता उणे ०.४ ते उणे १.७, आली कुठून ते समजलं असेल.

बरं, आजचं तरी उपग्रहानं पाहता येते. २०११ मध्ये नासानं खास एरोसोल मोजायला ग्लोरी नावाचा उपग्रह सोडला होता, रॉकेटचं टोकाचं झाकणच निघालं नाही आणि सगळं समुद्रात गेलं, आम्ही लोकांनी तेव्हा डोक्याला हात लावला होता. पण आपल्याला फक्त आजचं नाही पाहिजे, आज आणि १८५० मधला फरक पाहिजे. १८५० मध्ये हवेत किती कण होते? चुलीत किती लाकूड जळायचं, किती जंगलं पेटायची, स्वच्छ समुद्रावर ढग कसे होते? कार्बन डायऑक्साइडचं बरं आहे, अंटार्क्टिकाच्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले आहेत, फोडा नि मोजा, २८० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २८०. एरोसोलचा असा बुडबुडा नाही, कारण तो जगभर सारखा पसरतच नाही.

ह्यानं अजून एक गोष्ट समजते. १९४० ते ७० जग जवळपास तापलं नाही, कार्बन वाढत असताना. युद्धानंतरची कारखानदारी, बिनफिल्टरचा धूर. १९७० च्या आसपास अमेरिका-युरोपनं धुराचे कायदे कडक केले, मग तापमानानं वेग घेतला. जानेवारी २०२० पासून जहाजांच्या तेलात सल्फरची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आणली, तो प्रयोग तर आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे.

दुसरा गुन्हेगार जास्त छुपा, आणि हा २०१५ नंतरच लोकांना नीट दिसायला लागला. वरच्या सूत्रात गुपचूप एक गोष्ट धरलेली आहे, की १ डिग्री तापमानवाढ म्हणजे १ डिग्री, ती कुठं झाली याचा फरक नाही पडत. पडते, भाऊ. गेल्या ४०-४५ वर्षांत पॅसिफिकचा पश्चिम भाग, इंडोनेशियाकडचा, चांगला तापला, आणि पेरू-चिलीकडचा पूर्व भाग नि दक्षिण महासागराचा मोठा पट्टा तापलाच नाही, काही ठिकाणी थंड झाला. आता पश्चिमेकडं समुद्र आधीच गरम, तिथून हवा सरळ वर चढते, उंचावरची हवा तापवते आणि ती गरमी सगळ्या उष्ण कटिबंधात पसरते. पूर्वेकडे काय होते? खाली थंड पाणी, वर गरम हवा, म्हणजे झाकण पक्कं बसलं. त्या झाकणाखाली बसके, दाट, पांढरे ढग जमतात, पेरूच्या किनाऱ्यासमोर, कॅलिफोर्नियासमोर, नामिबियासमोर पण तसेच. ते ढग ऊन परत पाठवतात. म्हणजे आजवरच्या तापमानवाढीचा नमुनाच असा पडला की पृथ्वीनं स्वतःला जास्त सावली करून घेतली, आणि आपण मोजलं तर वाटलं की पृथ्वी फार संवेदनशील नाही. पुढे कधीतरी पूर्व पॅसिफिक तापला की ते ढग विरळ होणार आणि तेवढीच संवेदनशीलता जास्त निघणार. हे तपासायला एक छान युक्ती केली, हवामानाच्या मॉडेलला समुद्राचं खरं मोजलेलं तापमान भरवलं आणि विचारलं की आता सांग. तेच मॉडेल स्वतःच्या मर्जीनं समुद्र तापवताना जी संवेदनशीलता दाखवते त्यापेक्षा बरीच कमी संवेदनशीलता इथं निघाली. एका नाही, अनेक मॉडेलांत.

म्हणून २०१३ च्या आसपास जे पेपर आले, ज्यात नोंदींवरून ईसीएस २ किंवा त्याहून कमी काढली होती, ओटो नि सोबत्यांचा २.०, लुइस-करी यांचा दीडच्या आसपास, त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. आकडे प्रामाणिक होते. फक्त जे निघालं ते "गेल्या दीडशे वर्षांत, या नमुन्यात" एवढ्यापुरतं होतं आणि ते पुढच्या तीनशे वर्षांवर चिकटवलं गेलं. आयपीसीसीनं हाच नमुन्याचा परिणाम धरून वरचा अडीच दुरुस्त केला तेव्हा तो साडेतीनवर गेला, आणि वरची हद्द १० च्याही पार गेली. १० वर विश्वास ठेवा असं नाही म्हणत मी, त्याचा अर्थ एवढाच की एकट्या या नोंदींना वरचं टोक दिसतच नाही.

मग वरचं टोक कोणी कापलं? दुसऱ्या साक्षीदारांनी. शेवटच्या हिमयुगात, २० एक हजार वर्षांपूर्वी, कार्बन १९० पीपीएमच्या आसपास होता आणि जग कारखान्यांच्या आधीच्या काळापेक्षा ५ ते ७ डिग्री थंड. संवेदनशीलता ६-७ असती तर तेव्हा याहून फार जास्त थंडी पडली असती. तिसरा साक्षीदार म्हणजे ढग, वाफ, बर्फ यांचं एकेक करून केलेलं भौतिकशास्त्र. २०२० मध्ये शेरवूड नि बऱ्याच जणांनी मिळून हे तिन्ही एकत्र बसवले, २.६ ते ३.९ आलं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या चार्नी समितीनं १.५ ते ४.५ म्हटलं होतं आणि ४० वर्षं ते फारसं हललं नव्हतं, त्या मानानं हे खूप झालं. फिलिपाइन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीचं पण लोक विचारतात, जून १९९१ ला फुटला, पुढच्या वर्षी जग अर्ध्या डिग्रीच्या आसपास थंड झालं, त्यावरून काढा ना. काढतात, पण ज्वालामुखीची सावली दोन-तीन वर्षांत संपते, समुद्राला दखल घ्यायलाही वेळ मिळत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग वाफेचं भौतिकशास्त्र तपासायला जास्त, ईसीएसला कमी.

आता नागपूर. नाही करता येणार, आणि कारणं वरच आली. एका गावाचं तापमान वर्षावर्षाला एवढं उड्या मारते की खालचा सूर ऐकू येत नाही, २३ मे २०१३ ला आपण ४७.९ पाहिलं आणि पुढे एखादा मे अवकाळीनं गारही गेला. अल निनो, मान्सून कधी आला, जमिनीत ओल किती, हे सगळं आपल्या थर्मामीटरवर बसलेलं असते. शिवाय भारतावर एरोसोलची चादर जाड आहे आणि सिंचन वाढलं, ओल्या शेतातून बाष्पीभवन म्हणजे थंडावा. १९०१ ते २०१८ भारत ०.७ डिग्री तापला, जगाची जमीन मात्र १८५०-१९०० च्या तुलनेत २०११-२० पर्यंत जवळपास १.६ डिग्री. सुरुवातीची वर्षं वेगळी आहेत, त्यामुळे सरळ भागाकार करू नका, पण फरक दिसतोच. भारताच्या ०.७ वरून कोणी "बघा, संवेदनशीलता किती कमी" म्हटलं तर त्यानं कोळशाची सावली मोजली आहे. नागपूर विमानतळावरच्या सोनेगावच्या नोंदी उष्माघाताच्या सूचनेला, विजेच्या मागणीला, पिकाला लाखमोलाच्या आहेत, या प्रश्नाला नाहीत.

तुम्हाला हात चालवायचा असेल तर असं करा. हॅडक्रट ५ घ्या, कार्बनचा एकटा कॉलम काढून टाका, आणि आयपीसीसीनं २०२१ च्या अहवालासोबत दिलेली फोर्सिंगची वर्षवार मालिका घ्या, ती फुकट मिळते, त्यात एरोसोल, ज्वालामुखी, सूर्य सगळे वेगवेगळे कॉलम आहेत. १८८३ क्रॅकटोआ, १९९१ पिनाटुबो, ही ज्वालामुखींची वर्षं दोन्ही टोकांच्या सरासरीत शिरू देऊ नका. २०२४ एकटं वर्ष घेऊन शेवट करू नका, त्यात अल निनो आहे, १०-१५ वर्षांची सरासरी घ्या. १.०३ भागिले २.२०, गुणिले ३.९३, म्हणजे १.८ च्या जरा वर येईल, हा तुमचा टीसीआर. तो बिनधास्त वापरा, २०५० पर्यंतच्या गोष्टींसाठी तोच लागते. नंतर एरोसोलच्या कॉलमला एकदा अर्ध्यानं आणि एकदा दीडपटीनं गुणून ईसीएस काढा आणि काय होते ते स्वतः पाहा. मग तुम्हाला वाटेल की १९७० नंतरचाच तुकडा घ्यावा, कारण तेव्हापासून बरीच वर्षं जगाचं एकूण एरोसोल फार हललं नाही, युरोप-अमेरिकेत कमी झालं तेवढं आशियात वाढलं, त्यामुळे तो गोंधळच जाईल. युक्ती चांगली आहे, जाणकारही तेच करतात, टीसीआर दीड ते दोनच्या आसपास येते आणि ५ च्या वर ईसीएस असलेली जी काही नवीन मॉडेलं आहेत ती याच कसोटीत उघडी पडली, त्यांनी १९८० नंतरचं जग खऱ्यापेक्षा जास्त तापवून दाखवलं होतं. पण ईसीएससाठी तो तुकडा घ्याल तर आगीतून फुफाट्यात, कारण पूर्व पॅसिफिक थंड राहून पेरूसमोरचे ढग दाट झाले ते नेमके याच वर्षांत, आणि तो नमुना पुढे किती वर्षं टिकेल यावर आजही आमच्या लोकांची भांडणं चालू आहेत.